घरामागची वेधशाळा की सातपुड्यातली रात्र?

यावल-रावेर पट्ट्यात मळ्यात घर आहे, मृगातला तेजोमेघ कॅमेऱ्यात एकदा उतरला आहे, आणि आता पुढचा खर्च कुठे करायचा एवढंच ठरायचं आहे, अशा माणसासाठी हे लिहितोय. एक वाट घरामागे पक्की वेधशाळा बांधण्याची. दुसरी, सुटसुटीत सामान गाडीत टाकून अमावास्येच्या आसपास सातपुडा चढण्याची. मी दोन्ही वाटांनी गेलोय. माझा कौल घराला आहे, पण तो सगळ्यांना लागू पडणार नाही.

आधी अंधाराचा हिशेब. आकाशाचा उजेड प्रतींत (मॅग्निट्यूडमध्ये) मोजतात आणि अडीच प्रतींचा फरक म्हणजे दहापट उजेड. तुमच्या मळ्यावरचं आकाश सातपुड्यातल्या तोरणमाळपेक्षा अडीच प्रतींनी उजळ असेल, तर डोंगरावर तासाभरात जेवढं स्वच्छ चित्र मिळतं तेवढ्यासाठी घरी साधारण दहा तास प्रकाश गोळा करावा लागेल. ऐकताना वाटतं, मग घरी बसून काय उपयोग? पण दहा तास घरी तीन-चार रात्रींत होतात. जेवण झालं की छप्पर सरकवायचं, कॅमेरा सुरू करायचा आणि झोपायला जायचं. डोंगराचं गणित वेगळं. जून ते सप्टेंबर पावसात जातो. उरलेल्या आठ महिन्यांत चंद्र नसलेला, ढग नसलेला आणि सुट्टीला लागून आलेला शनिवार मला वर्षाला पाच-सहा वेळाच सापडला.

तरीही तास सगळ्याच चित्रांना पुरत नाहीत. कशाचे फोटो काढायचे आहेत, यावर खरा निर्णय आहे. रोझेटसारखे तेजोमेघ ठरावीक रंगांतच चमकतात: हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा लाल आणि ऑक्सिजनचा ५०१ नॅनोमीटरचा हिरवट-निळा. हे दोनच पट्टे आत सोडणारा ड्युअल-बँड फिल्टर लावला की गावचा बहुतेक उजेड बाहेर राहतो आणि घरचं चित्र डोंगरावरच्या चित्राच्या तोडीला येतं. देवयानी दीर्घिका किंवा कृत्तिकांभोवतीची निळी धूळ यांचा प्रकाश मात्र सगळ्या रंगांत पसरलेला असतो. तिथे फिल्टर गावच्या दिव्यांबरोबर दीर्घिकेचाही प्रकाश कापतो. सोडियमचे पिवळे दिवे होते तोवर फिल्टरने थोडी मदत व्हायची. एलईडी आल्यापासून तीही गेली. म्हणून दीर्घिका आणि धूळ हाच तुमचा ध्यास असेल, तर वेधशाळेचे पैसे वाचवा आणि डोंगर गाठा.

सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना एक सवलत आहे, आणि ती मला फार उशिरा कळली. आपला उजेड दक्षिणेकडून येतो: भुसावळचं रेल्वे यार्ड, दीपनगरचं वीज केंद्र. उत्तरेला डोंगर आणि काळोख. सप्तर्षीतल्या एम ८१ आणि एम ८२ या दीर्घिका आपल्या २१ अंश अक्षांशावरून उत्तरेला ४२ अंशांपर्यंत चढतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्या मी मळ्यातूनच घेतो. ओमेगा सेंटॉरी हा भव्य तारकागुच्छ दक्षिणेला जेमतेम साडेएकवीस अंश वर येतो, तो नेमका भुसावळच्या उजेडात. त्याच्यासाठी मी डोंगरच निवडतो.

घरी बांधायचं ठरलं तर जागेवर वेळ घालवा. तारे फिरतात तशी दुर्बीण फिरायला तिचा आस ध्रुवाकडे रोखावा लागतो, हीच ध्रुवीय जुळवणी. ध्रुवतारा आपल्याकडे फक्त २१ अंश वर आहे. उत्तरेला सहा मीटर उंच घर असेल, तर ध्रुव दिसायला घरापासून किमान सोळा मीटर लांब जावं लागतं. ध्रुव झाकलाच, तरी निना या मोफत प्रोग्राममध्ये आकाशाच्या दुसऱ्या भागावरून ध्रुवीय जुळवणी करता येते, पण मोकळी उत्तर ती मोकळी उत्तर.

त्याहून मोठा शत्रू पायाखाली आहे. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. माझा पहिला काँक्रीटचा खांब दोन फूट खोल होता. दसऱ्याला पाहिलं तर जुळवणी पार सरकलेली. पुढचा खांब मुरूम लागेपर्यंत खाली नेला. तापीकाठच्या खोल गाळात मुरूम हाती लागत नाही, तिथे पाया रुंद करा आणि पावसाळ्यानंतर दरवर्षी जुळवणी तपासा. खांब खोलीच्या फरशीला चिकटू देऊ नका, नाहीतर प्रत्येक पाऊल फोटोत उमटतं. छपरासाठी वेगळा कारागीर शोधू नका. सरकतं लोखंडी गेट बनवणारा वेल्डर रुळावरचं पत्र्याचं छप्पर नीट करतो. दिवसभर तापलेला पत्रा संध्याकाळीच उघडून आतली गरम हवा जाऊ द्या.

उन्हाळा दोन्हीकडे त्रास देतो, पण सारखा नाही. तापमान साधारण सहा अंशांनी उतरलं की सेन्सरमधला डार्क करंट (उजेड नसतानाही उष्णतेने उमटणारा खोटा संकेत) निम्म्यावर येतो. मे महिन्यात रात्री दहाला मळ्यात ३४ अंश असतात. शीतकरण असलेला कॅमेरा भोवतालपेक्षा पस्तीसेक अंश खाली जातो, म्हणजे जेमतेम शून्यावर टेकतो. म्हणून मी डार्क फ्रेमचे, म्हणजे झाकण लावून घेतलेल्या आणि नंतर खऱ्या फोटोतून वजा करायच्या फोटोंचे, दोन संच ठेवतो: हिवाळ्याचा उणे दहा अंशांचा आणि उन्हाळ्याचा शून्याचा. साध्या डीएसएलआरवर काम करणाऱ्याला तोरणमाळची साडेअकराशे मीटरवरची थंड हवा याच महिन्यांत खरी उपयोगी पडते.

हिवाळ्यात त्रास उलट दिशेने. ठिबकवर वाढलेल्या केळीबागांमधल्या दमट हवेत पहाटे भिंगावर दव साचतं. गरम पट्टा लावावाच लागतो. डिसेंबर-जानेवारीत भरिताचे बेत रंगतात तेव्हा कपाशीच्या काड्यांचा धूर जमिनीलगत तरंगतो, त्या रात्री मी कॅमेरा उघडत नाही, भरीत खातो. कुंभारीण माशी दुर्बिणीच्या नळीत मातीचं घर करते, म्हणून झाकण कधीच उघडं ठेवू नका. शेजारच्या बापूंच्या विहिरीवरचा हॅलोजन मला वर्षभर नडला. शेवटी त्यांना बोलावून शनीची कडी दाखवली. आता ते रात्री विचारतात, “आज घालवू का दिवा?”

डोंगरासाठी मात्र जड सामान नको. ताऱ्यांबरोबर कॅमेरा फिरवणारा लहान ट्रॅकर, ५० ते १३५ मिलिमीटरची लेन्स, बॅटरी, बस. एप्रिलमध्ये पहाटे वृश्चिकापासून धनूपर्यंतचा आकाशगंगेचा पट्टा तोरणमाळवरून जसा मिळतो तसा माझ्या मळ्यातून कधी मिळाला नाही. रावेर तालुक्यातलं पाल हे डोंगरातलं गाव जळगावकरांना जवळ पडतं. वनक्षेत्रात रात्री थांबण्याची परवानगी आधी काढा. चाळीसगावकरांना पाटणादेवी आहे; भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने तिथे मठ स्थापला, त्याचा १२०७ चा शिलालेख तिथलाच. रात्र जमली नाही तरी तिथे एकदा जाऊन या.

सीस्टार एस-५० सारखी आपोआप चालणारी दुर्बीण हा तिसरा पर्याय. अडीच किलो वजन, ५० मिलिमीटर भिंग, फिल्टर आतच. देवयानी तिच्या चौकटीत एका फोटोत मावत नाही. घरी आणि डोंगरावर दोन्हीकडे चालते, मुलांना फार आवडते. स्वतः सगळं जुळवण्याची हौस असलेल्याला ती वर्षभरात अपुरी पडेल.

आणि घर की डोंगर हे अजूनही ठरत नसेल, तर खड्डा खणू नका. अंगणात ध्रुव दिसेल अशा जागी तीन विटा जमिनीत पुरा, तिपाईचे तीन पाय रोज त्याच विटांवर ठेवा, आणि ऑक्टोबर ते मे किती रात्री तुम्ही खरंच बाहेर आलात ते वहीत लिहा. चाळीसच्या वर गेल्या तर वेल्डरला बोलवा.