पोस्टस्क्रीन आठ महिने वापरल्यावर

आमच्या सार्वजनिक वाचनालयाचे १८ मेलबॉक्स आहेत आणि मेल सर्व्हर मीच सांभाळतो. पूर्वी हिशेब बघणाऱ्या ताई रोज सकाळी विचारायच्या, "हे बिल खरंय का हो?" पोस्टफिक्स या मेल सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमधलं पोस्टस्क्रीन हे स्पॅम दारातच अडवणारं साधन सुरू केल्यापासून तो प्रश्न महिन्यातून एखाद्या वेळीच येतो.

मेल आत घेण्याआधी पाठवणाऱ्या सर्व्हरचा आयपी पत्ता पोस्टस्क्रीन डीएनएसवरून (नावांवरून पत्ते शोधून देणारी इंटरनेटची यंत्रणा) काळ्या याद्यांना, म्हणजे स्पॅम पाठवणाऱ्या पत्त्यांच्या याद्यांना, विचारतं. प्रत्येक यादीचं वजन आपण ठरवायचं. बेरीज मर्यादेला पोचली की मेल दारातूनच परत. माझी मर्यादा ३. स्पॅमहाउस या स्पॅमविरोधी संस्थेच्या झेन यादीला ३, लहान याद्यांना एकेक गुण, आणि डीएनएसडब्ल्यूएल या चांगल्या सर्व्हरांच्या यादीत नाव असेल तर २ गुण वजा. हे वजा होणारे गुण मला फार मोलाचे वाटतात. झेनमध्ये चुकून अडकलेला भला सर्व्हर त्यामुळे सुटतो.

पहिल्याच आठवड्यात मात्र दणका बसला. सर्व्हर ८.८.८.८ हा सार्वजनिक रिझॉल्व्हर (डीएनएसची उत्तरं शोधून देणारा सर्व्हर) वापरत होता. अशा ठिकाणाहून विचारलं की स्पॅमहाउस यादीतलं उत्तर देतच नाही, १२७.२५५.२५५.२५४ हा त्रुटीचा कोड पाठवतं. मी तर कुठलंही उत्तर आलं की ३ गुण असं लिहून ठेवलेलं! दुपारपर्यंत चांगले मेलही धडाधड परत गेले. त्याच दिवशी सर्व्हरवरच अनबाउंड हा स्वतःचा रिझॉल्व्हर बसवला आणि १२७.०.०.२ ते १२७.०.०.११ ही 'पत्ता यादीत आहे' असं सांगणारी उत्तरंच धरायला सांगितली. नव्याने बसवणाऱ्यांनी आधी दोन आठवडे नुसतं लॉग बघावं, कुणाला अडवू नये. स्पॅमहाउसची फुकट सेवाही छोट्या, बिनव्यापारी वापरापुरतीच आहे, तेव्हा अटी वाचून घ्या.

नंतर एका छोट्या प्रकाशकाचं पुस्तकांचं दरपत्रक अडलं. त्यांच्या शेअर्ड होस्टिंगवरच्या दुसऱ्याच कुणाच्या स्पॅममुळे तो आयपी यादीत गेला होता. पण ५५० चा नकार (मेल घेतला नाही असं पाठवणाऱ्याला कळवणारा कोड) त्यांच्यापर्यंत पोचला आणि त्यांनी लगेच फोन केला. तेच दरपत्रक स्पॅम फोल्डरमध्ये पडलं असतं तर खरेदीची मुदत निघून गेली असती.

मोठ्या मोफत मेलसेवांवरून येणारी फसवणूक याने थांबत नाही, कारण त्या सर्व्हरांची पत चांगली असते आणि पोस्टस्क्रीन मजकूर वाचत नाही. त्यासाठी मागे आरस्पॅमडी हे मजकूर तपासणारं स्पॅम-गाळणं लावलंय. मर्यादा २ करायचा मोह झाला होता, पण मग दोन लहान याद्या मिळून कुणालाही अडवू शकल्या असत्या. म्हणून ३ च ठेवली आहे.