गुडघा नेमका कुठे दुखतो, नोंद कशी ठेवायची: बोट, कागद की ॲप?

क्लिनिकमध्ये जुन्या गुडघेदुखीच्या पेशंटची नोंद कशी ठेवायची हे ठरवत असाल तर आधी एक सांगतो, वोमॅक नाहीतर कूस, म्हणजे गुडघ्याच्या त्रासाच्या ठरलेल्या प्रश्नावल्या, त्यांचा फॉर्म भरून घेतला की झालं असं नाहीये. वोमॅकमध्ये २४ प्रश्न, कूसमध्ये ४२, जिना, चालणं, खुर्चीतून उठणं सगळं विचारतात, पण दुखतंय कुठे हे एकाही प्रश्नात नाही. त्रास किती ते कळतं, जागा कळत नाही.

जागेसाठी सगळ्यात स्वस्त म्हणजे बोट. "दाखवा बरं कुठे दुखतं" म्हटल्यावर पेशंटचा हात काय करतो ते बघत राहायचं. कोणी आतल्या बाजूला सांध्याच्या रेषेवर, म्हणजे मांडीचं आणि नडगीचं हाड भेटतं तिथे, एकच बोट टेकवतं, कोणी अख्ख्या वाटीवर तळहात फिरवतं, आणि कोणी दोन्ही हातांनी गुडघा धरून "सगळाच दुखतो हो" म्हणतं. २००९ साली आलेला नी पेन मॅप याच धर्तीवर आहे, दुखणं एका जागी, एका भागात की सगळीकडे पसरलेलं, आणि नोंद विचारणारा करतो, पेशंटच्या हातात पेन नसतं. मला हा भाग फार आवडतो. फक्त साडीवरून किंवा पँटवरून दाखवू देऊ नका, जागा इंचभर इकडेतिकडे होते आणि तिथेच घोळ होतो, कारण सांध्याच्या रेषेवरचं दुखणं वेगळं आणि तिच्याखाली दोनेक इंचावर, नडगीच्या आतल्या अंगाला दुखतं तो पेस अँसेरिन बर्सा, म्हणजे हाड आणि कंडरांमधली पाण्याची छोटी पिशवी, असू शकतो. कपडा वर घ्या, पाय खाली सोडून बसवा, गुडघा काटकोनात आला की रेष हाताला नीट लागते.

कागदावरचं चित्र पेशंट बाहेर बाकावर बसून भरतो, तुमचा वेळ वाचतो हे खरं. पण चित्रातला माणूस समोर तोंड करून उभा, मग उजव्या गुडघ्याची खूण डाव्यावर पडते. उजवा-डावा मोठ्या अक्षरात छापा, मागची बाजू पण द्या, नाहीतर लवणीतलं दुखणं लोक पुढेच रंगवतात. नुसत्या रेघांच्या चित्रापेक्षा गुडघ्याचा फोटो छापलेला बरा, आजी-आजोबांना तो पटकन ओळखू येतो.

ॲपमध्ये, म्हणजे डेन्मार्कच्या नेव्हिगेट पेनसारख्या, पेशंट स्क्रीनवर रंगवतो आणि किती भाग रंगला ते मोजता येतं, मागच्या वेळचं चित्र शेजारी ठेवून बघता येतं. रिसर्च करायचा असेल किंवा खेळाडू पोरं येत असतील तर जरूर घ्या. पण मोबाईलच्या छोट्या स्क्रीनवर जाड बोटाने अर्धा गुडघा रंगतो, त्यामुळे टॅब आणि स्टायलस लागणारच, तो खर्च धरा.

साठीच्या पुढचे पेशंट जास्त असतील तर माझं मत सरळ आहे, बोट त्यांचं, पेन तुमचं. फोटोवाल्या कागदावर तुम्हीच खूण करा आणि शेजारी लिहा: उजवा, आतली रेष, एक बोट, जिना उतरताना. दर वेळी त्याच कागदाची कोरी प्रत, म्हणजे तुलना जमते.

आणि हात सगळीकडे फिरतोय, दाबल्यावर मात्र गुडघ्यात कुठेच दुखत नाही, असं झालं तर कागद बाजूला ठेवून आधी खुबा फिरवून बघा, खुब्याचं दुखणं बऱ्याचदा गुडघ्यात जाणवतं, कधीकधी कमरेचं पण.