लाकडी घड्याळाचा किट घेताय? आधी दाते विचारा

लाकडी चाकांच्या घड्याळाचा किट विकणाऱ्या एकाने मला व्यवस्थित गंडवलं. पैसे परत मिळायची आशा सोडली आहे, पण त्याची पद्धत इतरांना कळावी म्हणून सविस्तर लिहितो.

जाहिरात झकास होती. इंग्लिश घड्याळजी जॉन हॅरिसनच्या अठराव्या शतकातल्या ओकच्या घड्याळांचा दाखला, त्याखाली ‘प्लायवूड नाही, अस्सल लाकूड’, आणि व्हिडिओत डौलात हलणारा लंबक. किट आला, दाते घासून घेतले, जोडणी झाली. घड्याळ चाललंसुद्धा! फक्त मिनिटकाटा तासाची फेरी पाऊण तासात उरकायचा.

विक्रेता म्हणाला, लंबकाचं वजन खाली सरकवा. नट दांड्याच्या टोकाला टेकला तरी फरक नावालाच. मग कागद-पेन्सिल घेतली. एस्केप चाकाला, म्हणजे लंबकाच्या तालावर दात्या-दात्याने पुढे सरकणाऱ्या चाकाला, 30 दाते. लंबक एकदा जाऊन परत आला की एक दाता सुटतो. तिथून मिनिटकाट्यापर्यंत चाकांच्या दोन जोड्या, 64 दात्यांना 8 आणि 60 ला 8, म्हणजे 60 पट. हिशोब चोख आहे, पण जाऊन परत येण्याचा पूर्ण झोका 2 सेकंदांचा असेल तरच, आणि त्याला लंबक सुमारे 99.4 सेंटिमीटर लागतो. याच्या प्लॅनमध्ये होता 60. त्याचा झोका साधारण 1.55 सेकंदांचा, म्हणजे मिनिटकाट्याची फेरी 46-47 मिनिटांत. आकडा छापताना चुकला म्हणावं, तर चौकटही तेवढीच बुटकी. मीटरभराचा लंबक तिच्यात मावणारच नाही. लांब लंबकाची चाकं फोटोत छान दिसावीत म्हणून छोट्या चौकटीत कोंबली होती. हे घड्याळ कुणी एकदाही बनवून चालवलेलं नव्हतं.

‘अस्सल लाकडा’चीही तीच गत. प्रत्येक चाक एकाच फळीतून कापलेलं. अशा चाकात काही दात्यांमध्ये लाकडाच्या रेषा उभ्या येतात, काहींमध्ये आडव्या, आणि आडवे पटापट तुटतात. हॅरिसनने दात्यांचे तुकडे वेगळे बसवले होते, रेषा बाहेरच्या दिशेने जातील असे. त्याचं नाव वापरायचं आणि नेमकं हेच सोडायचं! चांगलं, पोकळ्या नसलेलं बर्च प्लायवूड या कामाला कितीतरी बरं, कारण त्याचे थर एकमेकांना आडवे असतात.

परताव्याचं विचारलं तर आधी ‘पॉलिशमुळे घर्षण वाढलंय’, मग ‘फोटो पाठवा’, मग ‘अजून एका कोनातून पाठवा’. तक्रारीची मुदत संपली आणि त्याने मला ब्लॉक केलं. सवलतीच्या नावाखाली पैसे त्याने थेट खात्यावर मागवले होते, त्यामुळे ज्या साइटवर जाहिरात होती तिने हात वर केले.

पैसे भरण्याआधी सगळ्या चाकांचे दाते आणि लंबकाची लांबी मागा. लांबी मीटरमध्ये घेऊन वर्गमूळ काढा आणि दुप्पट करा. झोक्याचे सेकंद जवळजवळ अचूक मिळतात. व्हिडिओही न कापलेला मागा, शेजारी दुसरं घड्याळ ठेवलेला. मला दाखवलेल्या व्हिडिओत तबकडी आणि लंबक पडद्यावर एकत्र कधी दिसलेच नाहीत, हे नंतर पुन्हा पाहताना ध्यानात आलं.

आता तोच फोटो वेगळ्या नावाच्या दुकानावर झळकतोय. तिथे मी एस्केप चाकाचे दाते विचारले. उत्तर आलं, ‘सर, ते पेमेंटनंतर फाइलमध्ये मिळेल.’