लग्नाच्या कल्पनांसाठी पिंटरेस्ट की इन्स्टाग्राम?

धाकट्या बहिणीचं लग्न मे महिन्यात, नागपुरातच. दोन महिने आम्ही दोघी रात्री जेवणं आटोपली की फोन घेऊन बसायचो.

सुरुवात पिंटरेस्टवर केली, आणि ते बरंच झालं. हळदीचा, मेंदीचा, मुंडावळ्यांचा असे वेगवेगळे बोर्ड करता येतात. बोर्ड गुप्त ठेवला की ज्यांना आपण जोडू त्यांनाच दिसतो. आईला आणि मावशीला जोडलं. एका फोटोवर बोट ठेवलं की तशाच रंगाचे आणखी फोटो खाली येतात. आपल्याला नेमकं काय आवडतं, हे तिथेच उमगतं.

पण तिथले बरेच फोटो परदेशातले. हिरवळीवर भरदुपारी मांडलेली पांढऱ्या फुलांची कमान बहिणीला फार आवडली होती. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. तिथे ती फुलं अक्षता पडेपर्यंतही टिकायची नाहीत.

इथे इन्स्टाग्राम कामी आलं. नागपूर टाकून शोधलं की इथलेच मंडपवाले, मेंदीवाल्या दिसतात, आणि मेसेज करून थेट भाव विचारता येतो. एका रीलमध्ये झेंडूच्या माळा आणि केळीचे खांब दिसले. तेच घेऊन बर्डीच्या फूलबाजारात गेलो. फूलवाल्या दादांनी फोन हातात घेऊन माळांची लांबीच मोजून सांगितली.

मात्र रील सजावट झाल्या-झाल्या काढतात. म्हणून मी प्रत्येकाकडे पंगत उठल्यानंतरचे साधे फोटो मागितले. ज्यांनी पाठवले, त्यांनाच इसार दिला.