गादीवाफा, जाळी आणि गाजरे : सात महिन्यांच्या वापरानंतर

लाकडी चौकटीचा, 30 सेंटिमीटर खोल गादीवाफा आणि कमानींवर ताणलेली 1.3 मिलिमीटर छिद्रांची कीटकरोधक जाळी मी सात महिने केवळ गाजरांसाठी वापरली. दोन पिके निघाली; पहिल्यातील बरीच गाजरे फेकावी लागली, दुसऱ्यातील बहुतेक खाण्याजोगी निघाली आणि जाळी मात्र दोन्ही वेळा तीच होती.

पहिल्या खेपेस जाळीच्या कडा मी विटांनी दाबल्या होत्या. काढणीच्या वेळी मधली गाजरे स्वच्छ निघाली, परंतु एका कोपऱ्यातील गाजर चिरताच सालीखाली गंजाच्या रंगाचे बारीक बोगदे दिसले आणि एका बोगद्यात पिवळसर अळी वळवळत होती. गाजरमाशी जमिनीलगत उडते आणि रोपाच्या बुंध्याशी मातीत अंडी घालते. त्यामुळे वरून कितीही नीट ताणलेली जाळी खालच्या बोटभर फटीमुळे फुकट जाते. त्या कोपऱ्यातील वीट केव्हातरी सरकली होती आणि माझे लक्ष गेले नव्हते.

दुसऱ्या वेळी कड लाकडी पट्टीखाली धरून चौकटीला स्क्रूने आवळली व उघडझाप करण्यासाठी एकच बाजू मोकळी ठेवली. माशीचे कोष मातीत राहतात आणि त्याच मातीवर पुन्हा जाळी घातली तर माशा आतच कोंडल्या जातात, म्हणून पेरणीही शेजारच्या नव्या वाफ्यात केली.

खरी कसोटी विरळणीची. दोन रोपांत पाचेक सेंटिमीटर अंतर राखण्यासाठी जाळी उघडावीच लागते आणि चुरडलेल्या पाल्याच्या वासाने माशी नेमकी त्याच वेळी ओढली जाते. मी संध्याकाळी, वारा पडल्यावर, रोपे न उपटता कात्रीने बुंध्याशी कापली, पाला लगेच दूर नेला आणि पाणी देऊन जाळी बंद केली. काम कंटाळवाणे आहे, पण पेरतानाच बी विरळ टाकले तर निम्मे वाचते.

जाळीबद्दल तक्रारही आहे. मावा या छिद्रांतून आत शिरला, पण त्याला खाणारे ढालकिडे बाहेरच राहिले. मला आठवडाभर पाण्याच्या फवाऱ्याने पाने धुवावी लागली. गोगलगायी मातीतूनच वर आल्या. पहिल्या पिकातील काही गाजरांना दोन-तीन फाटे फुटले होते, त्याचा दोष मात्र जाळीचा नव्हे. अर्धवट कुजलेले शेणखत आणि न वेचलेले खडे माझेच होते. दुसऱ्या वाफ्यातील माती मी चाळून घेतली.

सात महिन्यांत जाळी दोन ठिकाणी विरली, दोन्ही कमानींच्या टोकांपाशी. तेथे नायलॉनच्या दोऱ्याने टाके घातले असून टोकांवर जुन्या रबरी नळीचे तुकडे चढवले आहेत.