ओढ्या-नदीचं पाणी तपासायचं किट: टीडीएसचं पेन सोडलं तर पैसे वसूल

ऑनलाइन मागवलं, डिलिव्हरी धरून साडेतीन हजाराच्या आसपास पडलं. आत पीएच, ऑक्सिजन, अमोनिया, नायट्रेट ह्यांच्या थेंबवाल्या बाटल्या, टीडीएसचं (पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं) पेन, थर्मामीटर, जाळी, पांढरा ट्रे, भिंग आणि किड्यांच्या चित्रांचं, सापडलेल्या किड्यांवरून पाण्याला मार्क द्यायचं एक लॅमिनेट केलेलं कार्ड. थर्मामीटर फुटूनच आला. विकणाऱ्याला फोटो पाठवले तर "आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे" हाच मेसेज परत परत, शेवटी नाद सोडला.

आम्ही वापरलं ते दहिसर नदीवर. तुळशी तलावाकडून निघते, नॅशनल पार्कातून खाली येते, मग श्रीकृष्णनगर, दौलतनगर करत मनोरीच्या खाडीला मिळते. वरची जागा पार्काच्या आतली (तिथे जाळी घालायची, दगड उचलायचे तर वनखात्याची परवानगी लागते, आमच्या ग्रुपने आधी काढलेली, उगाच कोणी असंच घुसू नका) आणि खालची दौलतनगरच्या बाजूची, जिथे नाकाला रुमाल लावल्याशिवाय उभंच राहवत नाही. एकाच नदीच्या ह्या दोन जागा, म्हणजे किटला फरक कळलाच पाहिजे.

टीडीएसच्या पेनला तो धड कळत नाही. वर ९० च्या घरात, खाली ४००च्या आसपास, आणि पेनसोबतच्या कार्डावर काय लिहिलंय, तर ५०० च्या खाली हिरवा रंग, "उत्तम". आता ५०० हा आकडा आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकातला आहे आणि तो फक्त विरघळलेल्या क्षारांचा, मैल्याशी त्याचा काय संबंध? मुंबईचं नळाचं पाणी मुळात इतकं कमी क्षारांचं की त्याचं सांडपाणी झालं तरी पेन हिरव्यातच राहतं. आणि खाली दहिसर गावठाणाच्या बाजूला भरतीचं खारं पाणी आत आलं की तेच पेन थेट रेंजच्या बाहेर. नदी तपासायला हे पेन घेऊ नका, आरओवाला काय दाखवतो ते घरी बघायला ठीक आहे.

ऑक्सिजनची टेस्ट मात्र मस्त, मला सगळ्यात आवडली ती हीच. बाटली बुडवून, एकही बुडबुडा न राहू देता काठोकाठ भरायची, दोन औषधांचे थेंब टाकून झाकण लावून उलटसुलट करायची. पाण्यात ऑक्सिजन असेल तर चहासारखा तपकिरी गाळ बसतो, नसेल तर पांढरा. मग आम्ल, मग स्टार्चने निळं करायचं आणि निळा जाईपर्यंत थेंब मोजायचे. वर लिटरला ७ मिलिग्रॅम आला, डिसेंबरच्या सकाळी चांगलाच म्हणायचा. दौलतनगरला गाळ पांढराशुभ्र बसला, पुढे मोजायला काही राहिलंच नाही. नुसत्या आंघोळीच्या पाण्यालासुद्धा सरकारी निकष किमान ५ चा आहे. पुलावरून एक तबेलेवाले काका बघत होते, म्हणाले "ताई, औषध कशाला घालताय, वास येत नाही का?" त्यांचंही बरोबरच.

माहितीपत्रकात एक महत्त्वाची गोष्ट गाळलीय. डबक्यात शेवाळ असेल तर ऊन चढल्यावर ऑक्सिजन वाढतो आणि पहाटे सगळ्यात कमी असतो, त्यामुळे दुपारी एकदा मोजून "नदी छान आहे" म्हणायचं नाही, दोन्ही जागा शक्यतो सकाळी एकाच वेळी करा.

नायट्रेटमध्ये तर घोडं पेंड खातं. खालच्या पाण्यात नायट्रेट जवळजवळ शून्य! आमच्यातली मुलं खूश. पण अमोनियाच्या नळीत बघितलं तर गडद हिरवा. मैला आणि शेणमूत ह्यातला अमोनिया नायट्रेट व्हायला ऑक्सिजन लागतो, तोच नाही तर नायट्रेट येणार कुठून. दोन्ही एकत्र वाचायचे हे पत्रकात एका ओळीत लिहायला काय जात होतं कोण जाणे.

खरी मजा जाळी आणि ट्रेमध्ये. बोटांनी दगड चोळून ट्रेमध्ये पाणी ओतलं आणि दोन मिनिटं गप्प बसलो तर हळूहळू सगळं हलायला लागलं. तीन शेपट्यांची, पोटाच्या बाजूला कल्ले फडफडवणारी मेफ्लायची पिल्लं, वाळूचे कण चिकटवून केलेल्या नळीतून डोकं काढणारी कॅडिसफ्लायची अळी, चतुराची दोन-तीन पिल्लं. पहिल्या दोघांना स्वच्छ, भरपूर ऑक्सिजनचं पाणी लागतं. दौलतनगरला ट्रेमध्ये लाल रक्तअळ्या आणि ट्युबिफेक्स (बारीक लाल गांडुळासारखे किडे), तेच जे मत्स्यालयवाले माशांना घालतात, बाकी काही नाही. केमिकलची टेस्ट त्या क्षणाचं सांगते, हे किडे मागचे कित्येक आठवडे तिथेच राहिलेले असतात. पण किड्यांचं कार्ड बाहेरच्या देशातलं उचललेलं दिसतंय, आपले खेकडे, कोळंबी त्यात नाहीत, आणि पाण्यावर पळणाऱ्या किड्यांनाही मार्क दिलेत, ते तर वरची हवा घेतात, त्यांना पाण्याचं काय पडलंय.

पत्रकातलं "स्प्रिंग, समर, फॉल" वेळापत्रकही आपल्या कामाचं नाही. जुलैच्या लोंढ्यात किडे वाहून जातात आणि एप्रिल-मेमध्ये वरचा ओढा आटतो, खाली जे वाहतं ते निव्वळ सांडपाणी. नोव्हेंबर ते जानेवारी बेस्ट.

ग्लोव्हज दिलेत ते फारच पातळ. आपल्याकडे लेप्टोची (घाण पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप) भीती आहे, जाड रबरी आणि गमबूट स्वतःचे घ्या. वापरलेली औषधं नदीत ओतू नका, ऑक्सिजनच्या एका बाटलीत अझाइड असतं, ते विषारी. रिकामी बाटली सोबत न्या आणि त्यात भरून आणा.

५ पैकी ३ स्टार. शाळेसाठी किंवा सोसायटीच्या ग्रुपसाठी घ्यायला हरकत नाही, एकट्याला हवं असेल तर ऑक्सिजनचं किट आणि मत्स्यालयवाल्याकडचं अमोनियाचं किट सुटं घ्या, पांढरी प्लास्टिकची ताटली आणि भिंग घरचं चालतं. ऑक्सिजनचा रिफिल वेगळा मिळेल का विचारलंय, "लवकरच येईल" म्हणालेत.