माया ठेवून कापणारे डॉक्टर

पाचपैकी चार तारे. एक का कापला ते पुढे येईलच.

मी सत्तावीस वर्षं शिवणकाम करते. दीड वर्षापूर्वी तापलेल्या इस्त्रीवर माझा डावा तळहात टेकला. आधी जिथे दाखवलं तिथे नुसतं ड्रेसिंग होत राहिलं. जखम भरली, पण भरता भरता करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत ओढलं गेलं. दोरा जास्त ताणला की कापडाला चुण्या पडतात, तसं. लोकांना वाटतं शिवणारा हात उजवा. मशीनखाली कापड सपाट धरतो तो डावा, आणि माझा तर मुठीसारखा झाला होता. मग कुणीतरी प्लॅस्टिक सर्जनकडे जायला सांगितलं.

पहिल्या भेटीला अडीच तास बसले. आत गेल्यावर मात्र डॉक्टरांनी घाई केली नाही. बोट वाकवून पाहिलं, व्रण चिमटीत धरून पाहिला, मी या हाताने दिवसभर काय काय करते ते विचारलं. मग कोरा कागद ओढून चित्र काढायला लागले. म्हणाले, आमच्या धंद्यात चित्र काढता आलंच पाहिजे. पहिल्या महायुद्धात हॅरल्ड गिलीज नावाचे सर्जन इंग्लंडमधल्या सिडकपच्या इस्पितळात सैनिकांचे फुटलेले चेहरे पुन्हा घडवायचे, आणि ते चेहरे रंगवून ठेवायला हेन्री टॉन्क्स नावाचे चित्रकार त्यांच्यासोबत होते. हे टॉन्क्स स्वतः आधी सर्जन होते म्हणे.

मी मनगटाकडे बोट दाखवून म्हटलं, "डॉक्टर, हा डागही काढून टाका."

"ताई, डाग पुसता येत नाही. जुन्या व्रणाच्या जागी नवा येतो. तो कुठे आणि कोणत्या दिशेला पडेल, तेवढं माझ्या हातात."

दिशेचं त्यांनी सांगितलं ते मला लगेच कळलं. १८६१ साली कार्ल लँगर नावाच्या शरीररचनातज्ज्ञांनी मृतदेहांच्या कातडीला गोल टोच्याने भोकं पाडली, तर ती गोल न राहता लांबट झाली. प्रत्येक भागात लांबट होण्याची दिशा ठरलेली. म्हणजे कातडीलाही उभा-आडवा धागा आहे! धाग्याच्या दिशेने कापलं तर शिवण बारीक राहते, आडवं कापलं तर फाकते. हे आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवतात.

शेजारच्या बोटावर व्रणाची एकच ताठ दोरी होती. तिथे झेड-प्लास्टी करायची ठरली. दोरीवर झेडच्या आकाराचा छेद घ्यायचा, दोन तिकोनी पाकळ्या सोडवायच्या आणि एकमेकींच्या जागी बसवायच्या. कोन साठ अंशांचा असला तर गणिताने लांबी पाऊणपट वाढते, प्रत्यक्षात थोडी कमी. बाहेरून नवं कापड न आणता लांबी! माझा विश्वास बसेना. घरी जाऊन मांजरपाटावर कापून पाहिलं. लांबी वाढली, पण दोन्ही टोकांना उभार आले, आणि दाबले तरी बसेनात.

करंगळीच्या बुडाशी मात्र जाड, रुंद व्रण होता. तिथे ठिगळच हवं होतं. मला वाटलं मांडीचं कातडं घेतील. डॉक्टर म्हणाले, तळहाताची कातडी जाड आणि बिनकेसांची असते, तशीच फक्त तळपायाला मिळते. म्हणून तळपायाच्या कमानीतून घेतली, जिथे चालताना भार पडत नाही. ठिगळ त्याच ताग्यातलं.

ऑपरेशनच्या दिवशी भूल द्यायच्या आधीच पेनाने सगळ्या खुणा करून घेतल्या, कारण औषधाने कातडी फुगली की मापं चुकतात. फक्त हात आणि तळपाय बधिर केले होते, मी जागी होते. तळपायातली सुई, खरं सांगते, त्या अख्ख्या दिवसातली सगळ्यात वाईट गोष्ट. बाकी ऐकत पडले होते. व्रण सोडवल्यावर खड्डा वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. तो तसाच निघतो, म्हणून ठिगळ आधी बेतून ठेवत नाहीत. डॉक्टरांनी टाक्यांच्या दोऱ्याच्या पाकिटाची चांदी खड्ड्यावर दाबून फर्मा काढला, तो तळपायावर ठेवला आणि कडेने जरा सैल कापला. मी पडल्या पडल्या म्हटलं, "माया ठेवली ना?" ते हसले. ग्राफ्ट, म्हणजे हे कातडीचं ठिगळ, आकसतो, म्हणून ठेवावीच लागते.

ठिगळावर कापसाची गादी ठेवून कडेच्या टाक्यांचे लांब दोरे वर घट्ट बांधले. पहिले दोन दिवस त्या कातडीला स्वतःचं रक्त नसतं, खालची ओल शोषून ती जगते. मग बारीक रक्तवाहिन्या जुळतात. तेवढ्यात ती सरकली किंवा खाली रक्त साचलं तर गेली. पाचव्या दिवशी गादी सोडली तेव्हा ती गुलाबी होती, आणि डॉक्टरांचा चेहरा माझ्यापेक्षा जास्त खुलला होता.

आता तो तारा. पुढचं कुणी नीट सांगितलं नाही. ग्राफ्ट तिसऱ्या आठवड्यापासून आकसू पाहतो, स्प्लिंट, म्हणजे बोटं सरळ धरणारी ताठ पट्टी, काही महिने रात्री बांधावीच लागते, व्रण मऊ पडायला वर्षभर लागतं, हे सगळं मला हाताच्या व्यायामाच्या बाईंकडून कळलं. कंटाळून चार रात्री स्प्लिंट सोडली होती तर त्यांनी झापलं, आणि बरंच केलं. तळपाय बरा होईपर्यंत दोन आठवडे लंगडावं लागेल, हेही आधी सांगायला हवं होतं. हाताचं ऑपरेशन करून लंगडत आलेली बाई बघून घरचे हसत होते.

करंगळी अजून थोडी वाकडी आहे. पूर्ण सरळ का केली नाही म्हणून मी रागावले होते. डॉक्टर म्हणाले, बोटाची रक्तवाहिनीही इतके महिने आखडलेली होती. पूर्ण ताणल्यावर टोक पांढरं पडलं, म्हणून गुलाबी होईपर्यंत परत वाकवलं आणि तिथेच थांबलो. यावर मी काय बोलणार. तळहात कापडावर बसतो, मशीन चालतं.

परवा तपासणीला जाताना मांजरपाटाचा तो तुकडा घेऊन गेले आणि विचारलं, माझ्या बोटावर असे उभार का नाहीत? "कातडी हळूहळू बसते, ताई. मांजरपाट बसत नाही," म्हणाले. मग तुकडा उलटसुलट करून पाहिला आणि शिकाऊ डॉक्टरांना दाखवायला ठेवून घेतला.